वरणभातावरची डुकरं

…हसा, हसा! डुकरं म्हटलं की सगळे आधी नाक धरतात आणि मग हसतात. पण तुम्हाला सांगते, माझी डुकरं तशी नव्हती हो! गोरीपान, रोज धुतलेली आणि चक्क शाकाहारी! आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं, घरात अंडं येत नाही, मग त्यांना तरी दुसरं काय मिळणार?

भूकंपात घर पडलं, गोठा गाडला गेला, पत्र्याच्या शेडात दिवस काढत होतो. तेवढ्यात आमचे हे कुठल्याशा जोडधंद्याच्या शिबिराला गेले आणि येताना पोत्यात दोन पांढरी पिल्लं! सासूबाई, पार्वतम्मा, दारातच आडव्या. “देवानं घर पाडलं, आता तू अब्रू पाड!” हे म्हणाले, “अव्वा, म्हैस घेण्याची ऐपत हाय का आपली?” “मग ह्या डुकरांना शिवायचं कुणी?” आणि तुम्हाला सांगते, आठच दिवसांनी त्याच सासूबाई थंडीत पिल्लांवर आपलं जुनं लुगडं पांघरत होत्या! मी बघितलं तर मलाच दम, “वाळत घातलंय मी ते!” काय दिवस होते… सगळं गेलेलं, पण दारात काहीतरी वाढत होतं.

पण डुकराला खायला लागतं हो! मका, पेंड परवडेना. मग लातूरच्या कडेला भाड्यानं जागा घेतली, तोवर डॉक्टरकीच्या क्लासेसचं पेव फुटलं आणि शेजारीच मुलींचं होस्टेल झालं. रोज दोन बादल्या खरकटं! वरणभात, पोळ्या, बटाट्याची भाजी… डुकरं अशी टम्म! हैदराबादचा व्यापारी विचारायचा, “क्या खिलाते अम्मा?” मी म्हणायची, “डॉक्टरकी!” खोटं नाही. टेस्ट असली की बादल्या चार, निकाल लागला की सहा! इकडे पोरींचे मार्क उतरले की तिकडे डुकरांचं वजन चढलं. आणि मी खुळी, खूश व्हायची! डुकराला खायला लागतं ना…

मग एकदा बघते, तर बादल्यांबरोबर एका पोरीच्या खोलीवर गेलेला डबा, चार दिवस तसाच परत. वर नाव-गावाची चिठ्ठी, ‘श्रद्धा, उमरी’. झाकणसुद्धा उघडलेलं नाही. होस्टेलचा आचारी भागवत म्हणाला, “टाका की काकू. पहिल्या नंबरची पोरगी, पंचेचाळिसावी आलीय.” डुकरं ओरडत होती, पण माझ्या हातून तो डबा काही उपडा होईना.

गेले होस्टेलात वर, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. “भूक न्हाई काकू.” म्हटलं, “न्हाई तर न्हाई. मी खाते, तू बघ.” आणि बसले खात! तिसऱ्या घासाला तिनं हात पुढं केला… रडत होती आणि खात होती, खात होती आणि रडत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी दारात. “काकू, आम्हाला?” मग अख्खा मजला! माझ्या भाकरीबरोबर होस्टेलचा वरणभातही संपायला लागला; ताटं लख्ख, बादल्या रिकाम्या. दोन महिन्यांत डुकरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात! हे म्हणाले, “अगं, पोरी पोसतेस का डुकरं?” म्हटलं, “दोन्ही.” “दोन्ही होत नसतं.” डुकराला खायला लागतं, हे का मला ठाऊक नव्हतं? शेवटच्या दोन माद्या टेम्पोत चढल्या, तेव्हा मी घरात तोंड लपवून बसले.

परवा एक साहेब फॉर्म घेऊन आले. वराहपालन टिकत का नाही, याची पाहणी! “बंद पडायचं कारण? रोग? भाव?” म्हटलं, “पोरी जेवायला लागल्या.” “असा रकाना नाही ताई. बरं, उपाय सुचवा.” म्हटलं, “पेपर लई अवघड काढायला सांगा!” लिहिलं की हो त्यांनी!

पण काय उपयोग? पेपर अवघड निघाला, तर मी मेली आणखी भाकरी थापत बसणार!