सगळ्यांनी डाव्या हातानं लिहा!

...आणि मीच का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही! म्हणजे कारण माहितीये मला. त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं, मीटिंगला गेलो नाही, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत जो गैरहजर, काम त्याच्याच गळ्यात. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब दुकानात हजर. "बंधू, आपल्या तरुण संघाशी बोलायचंय. विषय, विश्वास आणि..." इथं आवाज इतका खाली नेला की मला वाटलं कुणी वारलं. "...लैंगिकता." अहो साहेब, मी चष्मे विकतो हो! मला काय कळतंय त्यातलं? तर म्हणतात, "म्हणूनच. ज्यांना कळतं ते फार बोलतात."

बायकोला सांगितलं तर ती हसायलाच लागली, थांबेचना. "तुम्ही? लेकीला चार गोष्टी समजावायची वेळ आली तेव्हा बाजारात पळाला होतात!" खरंय. लेक एकोणीस वर्षांची झाली, पण तुम्हाला सांगतो, तिच्याशी मी आजवर दोनच विषयांवर बोललोय, अभ्यास कर आणि पंखा बंद कर. आणि ती बसणार समोर, तिसऱ्या रांगेत!

मग मी शक्कल लढवली. प्रश्न चिठ्ठीवर लिहा, नाव नको. पण एवढीशी मंडळी, जो तो दुसऱ्याचं अक्षर ओळखतो. म्हणून म्हटलं, सगळ्यांनी डाव्या हातानं लिहा! काय डोकं चाललं माझं! तेवीस पोरं वाकडी होऊन लिहितायत, दानाची थैली फिरतेय, आणि मी आपला खूश.

पहिली चिठ्ठी उघडली. कोंबडी चालून गेल्यासारखं अक्षर. "लग्नाआधी हात धरला तर चालतो का? धरून झालाय, लवकर सांगा." हशा! दुसरी, "प्रार्थना करतानाच नको ते विचार का येतात?" अहो, मला तर प्रार्थनेत दुकानाचं शटर ओढलं की नाही तेच आठवतं! तसंच सांगितलं. पोरं खळखळून हसली, माझाही जीव भांड्यात पडला. तिसरी उघडली...

सरळ ओळी, मोत्यासारखं अक्षर. माझी लेक डावखुरी आहे! जन्मापासून! आणि हे बापाच्या लक्षात नाही!

"मला एक जण आवडतो. देवाला सांगून झालंय, त्याची भीती वाटत नाही. बाबांची वाटते. काय करू?"

वाचलं मी, मोठ्यानं वाचलं, आता काय परत थैलीत टाकू? लेक जमिनीकडे बघतेय, कान लालभडक. राग आला का? आला हो! पण त्याहून जास्त वाईट वाटलं. देवाची भीती नाही आणि माझी आहे? मी असा कोण लागून गेलो? मी चष्मे विकतो हो!

पाळकसाहेबांनी लिहून दिलेला कागद खिशातच राहिला. म्हटलं, "हे बघा, मी काच बदलतो आणि विचारतो, आता नीट दिसतंय की मघाशी? तुम्हाला काय दिसतंय ते मी कसं सांगणार, तुम्हीच सांगायचं. कुणी आवडणं हे पाप नाही. मन देवानंच दिलंय आणि शरीरही त्यानंच. फक्त घाई करू नका, कुणाला फसवू नका, आणि घरी सांगा. आता या चिठ्ठीतले बाबा... ते रागावणार नाहीत."

मागून पाळकसाहेब, "आमेन!" लगेच तेवीस पोरं, "आमेन!" झालं! आमेन म्हटल्यावर शब्द फिरवता येतो का?

घरी लेक झोपायला जाताना दारात थांबली, "बाबा, पंखा मी बंद केलाय." डोळे भरून आले हो माझे.

आणि परवा दुकानात कोण? आमचा गिटारवाला, उपासनेत वाजवतो तो. बाहेर काचेपलीकडे माझी लेक, रस्त्याकडे बघत उभी. "काका, चष्मा जरा सैल झालाय." बघितला. घट्ट होता. चांगला घट्ट! मीच बसवलाय महिन्यापूर्वी! पण आमेन झालंय ना... मुकाट्यानं स्क्रू सैल केला, परत घट्ट केला, काचा पुसल्या, हातात दिला. काय करणार? मी चष्मे विकतो हो!