दुसऱ्या डोसची रांग

लसीच्या रांगेत भावाबहिणीच्या मधोमध उभं राहायची वेळ शिंप्यावर आली. पुढच्या गृहस्थाने मागे वळून पाहिलं मात्र, शिंप्याच्या मागची बाई ओरडलीच.

"दादा? तू इथे?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत की! ही दुसऱ्या डोसची रांग आहे. पहिला कधी घेतलास?"

"ऑफिसात सक्ती होती गं."

"कधी, ते विचारलं मी."

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये! आणि एप्रिलमध्ये मी आईला याच दारापर्यंत आणलं, तेव्हा धावत आलास. म्हणालास, या वयात विषाची परीक्षा कशाला? हाताला धरून परत नेलीस तिला!"

"काळजीपोटीच ना? किती मेसेज येत होते तेव्हा."

"येत नव्हते, तू पाठवत होतास! स्वतः गुपचूप टोचून घेतलंस आणि आम्हाला शहाणपण शिकवलंस. जायच्या आदल्या दिवशी आई ऑक्सिजनवर होती, तरी म्हणत होती, दादानं वाचवलं गं मला त्या सुईपासून."

शिंप्याने घसा खाकरला. "ताई, तुम्ही पुढे येता का?"

"नको हो. इथूनही दिसतोय तो मला."

एवढ्यात नर्सने हाक मारली. "या काका. पहिल्या डोसनंतर काही त्रास?"

गृहस्थ बाही सरकवत पुटपुटला, "नाही. एक दिवस दंड दुखला, एवढंच."

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

शिंप्याच्या मागून आवाज आला, "लिहून घ्या, सिस्टर. एक दिवस दंड दुखला त्याचा."