सिग्नलवरची एन्ट्रॉपी

काय सांगू वं, परवा मी फिजिक्समधली एन्ट्रॉपी चक्क स्कूटरवर शिकवली!

सकाळी नंदनवनच्या कॉलेजात माझे सलग तास, आणि तिथून पळत शहराच्या दुसऱ्या टोकाला वाडीच्या कॉलेजात दुपारचे. दोन्हीकडे मी तासिकेवरच, जितके तास तितकेच पैसे. परवा हेल्मेट घालत होते, तर दुसऱ्या वर्षाची प्रणाली पुस्तक घेऊन पुढ्यात उभी.

“मॅडम, एन्ट्रॉपी काहीच नाही समजली.”

“उद्या विचार वं. मले उशीर होऊन राहिला.”

“तुम्ही रोज उद्याच म्हणता, मॅडम. सोमवारी पेपर आहे.”

मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, “बस मागं. रस्त्यात सांगते.”

झालं! सिग्नल लाल झाला की मी मान वळवून शिकवायची, हिरवा झाला की मागून हॉर्न. वाडी आली तशी ट्रकांच्या आवाजात मी ओरडूनच शिकवत होते. ती आपली “हो मॅडम, हो मॅडम” करत होती.

गेटवर पोचलो तोवर बेल होऊन गेली होती. मी पळता पळता विचारलं, “समजलं ना नक्की?”

ती माझ्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. “नाही समजलं, मॅडम. पण राहू द्या आता. तुम्ही आधी पाणी प्या.”

एवढं बोलून ती परतीची बस बघायला गेली आणि मी वर्गात शिरले. तास संपताना सवयीनं विचारलं, “काही शंका?”

एकही हात वर झाला नाही. एरवी मला हायसं वाटतं. परवा मात्र त्या गप्प वर्गाची मला भीती वाटली.