नायलॉनची चिंधी आणि मंगळवारचं दुखणं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ग्रामसमितीचे प्रमुख माननीय डॅलग्लीशसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले आपले पाद्री रेव्हरंड मॅकफेल, जिला निरोप द्यायला आपण सगळे एवढ्या पावसावाऱ्यात चिखल तुडवत आलो ती आपली नर्स मुरील अर्कर्ट, आणि किलडोरन गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

बोलायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांची खुशाली विचारते. अध्यक्षसाहेब, अंगठ्याची सूज कशी आहे? बूट घालून आलात, म्हणजे उतरली असावी. पाद्रीसाहेब, तुमचा घसा? रविवारी प्रवचन लवकर आटोपलंत तेव्हाच माझ्या लक्षात आलं. नाही, तक्रार नाही हो, कुणाचीच नव्हती. जेसी, माझी धाकटी बहीण, तुझे गुडघे काय म्हणतात? राहू दे, उठून दाखवू नकोस. मुरील पोरी, तू कशी आहेस? अठरा वर्षं तू आम्हाला हे विचारलंस, तुला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि मागे दाराला टेकून उभा असलेला टॉर्क्विल माथेसन, तुझा कान वाहायचा थांबला का रे? मान हलवू नकोस, पुन्हा वाहायला लागेल.

मी एफी गिलँडर्स. माझी शाळा लवकर सुटली. हयात गेली मासे साफ करायच्या शेडमध्ये, आणि उरलेलं शिक्षण झालं ते वाचनालयाच्या फिरत्या गाडीकडून. हे सांगते अशासाठी, की कोपरापर्यंत हात माशाच्या आतड्यात घालून मी त्याच हाताने जेवलेली बाई आहे. मला सहसा कशाची किळस येत नाही. पण सध्या येते आहे. अध्यक्षसाहेबांनी मला बजावलंय, ‘एफीबाई, नर्सबाईंच्या सेवेबद्दल पाच मिनिटं बोला आणि झऱ्याचा विषय काढू नका.’ तर आता मी झऱ्याचा विषय काढते.

अध्यक्षसाहेब बाहेरून आलेले, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. आपल्या चिंध्यांच्या झऱ्याला रीत आहे. ज्याचं दुखतं त्याने अंगावरच्या जुन्या कपड्याची पट्टी फाडायची, झऱ्यात बुडवायची, दुखऱ्या जागेवरून फिरवायची आणि काठच्या झाडाला बांधून मागे न बघता घरी यायचं. चिंधी जशी कुजेल तसं दुखणं जातं. आणि दुसऱ्याची चिंधी जो सोडेल, त्याला ते दुखणं लागतं. मी हे मानते का? विचारू नका. त्या झाडाला मी आजवर बोट लावलेलं नाही, एवढंच सांगते.

आमच्या आईने आम्हाला त्या झाडाची गोष्ट सांगितली होती. कलोडनच्या लढाईत राजाच्या फौजेने आपली माणसं कापली, त्यानंतरचं वर्ष. आपलं डोंगरी चौकड्यांचं कापड अंगावर दिसलं तरी तुरुंग. गावातल्या एका मुलीने एका जखमी शिपायाला मेंढ्यांच्या गोठ्यात लपवला होता. राजाचे लाल डगलेवाले शिपाई शोधत आले. माणूस लपवता येतो हो, पण त्याचा तो बारा हात लांब चौकडीचा कपडा कुठे लपवायचा? तिने तो टराटरा फाडला आणि पट्ट्या करून या झाडाला बांधून टाकल्या, रोग्यांच्या पुवा-रक्ताने भरलेल्या चिंध्यांमध्ये. लाल डगलेवाल्यांनी घरंदारं उलथीपालथी केली, गवताच्या गंज्यांत संगिनी खुपसल्या. झाडापाशी आले, नाकाला रुमाल लावला आणि लांबून निघून गेले. त्या घाणीला हात लावायची एकाचीही छाती झाली नाही. पुढे त्या दोघांनी लग्न केलं, आणि निम्मं किलडोरन त्यांच्याच वंशातलं आहे असं निम्मं किलडोरन सांगतं.

ती घाण मला मान्य आहे. ती कुजणारी घाण होती. आज त्या झाडावर काय लटकतंय? पर्यटकांनी बांधलेले पायाचे मोजे. एकेक वापरलेला. धावायचे बूट, आत बोटांचे ठसे उमटलेले. एक चड्डी, मापाने माझ्याहून मोठी. कवळीची वरची बाजू. बाळाचं डायपर, तेही भरलेलं! भरलेलं, पाद्रीसाहेब! देवाकडे काय मागायला आले होते ते लोक? आणि या सगळ्यांवर मिरवताहेत आपल्या अध्यक्षांच्या दुकानातल्या चौकडीच्या फिती. नायलॉनच्या. ‘आपले दुःख येथे बांधा’ असं छापलेल्या. साहेब, ते नायलॉन आपल्या पणतवंडांच्या लग्नातही तसंच लटकत असेल. म्हणजे ज्यांनी ज्यांनी तुमची फीत बांधली, त्यांचं दुखणं जन्मात बरं व्हायचं नाही. मला ओकारी येते. हसू नका, साहेबांना वाटेल मी गंमत करतेय.

तर वसंतात झाडाचं रूप पालटायला लागलं. मोजे नाहीसे. बूट नाहीसे. डायपर, देवाची कृपा, नाहीसं. सुती, लोकरी चिंध्या जागच्या जागी, फक्त न कुजणारं तेवढं कुणीतरी कापून नेतंय. तुम्हाला आठवत असेल गावात काय चर्चा झाली. जेसी म्हणाली त्या जुन्या काळच्या मुलीचं भूतच येतं. अध्यक्षसाहेब म्हणाले पलीकडच्या गावच्या दुकानदाराचं काम आहे, पोलिसांत देतो. मला प्रश्न वेगळाच पडला. त्या झाडाला हात लावायची हिंमत कुणात आहे? आणि असला लिबलिबीत ऐवज हातात धरायचं पोट कुणाचं आहे?

लक्ष ठेवलं. झाड रविवारी कधी साफ व्हायचं नाही. म्हणजे रविवारी काम न करणारा, चर्चला येणारा माणूस. साफ व्हायचं ते सोमवारी. मग एका सोमवारी मी थर्मास भरून घेतला आणि काटेरी झुडपाच्या आड जाऊन बसले. कोण आलं असेल?

हा. दाराला टेकलेला. जो दर रविवारी स्तोत्राची पहिली ओळ उचलतो तेव्हा चर्चच्या काचा थरथरतात, आणि एरवी ज्याच्या तोंडून ‘पाऊस येईल’ एवढं काढायला अर्धा तास लागतो, तो आपला टॉर्क्विल. हातात मेंढ्यांची लोकर कातरायची कातर. झाडासमोर टोपी काढली, एकेक वस्तू न्याहाळली. मोज्याला हात घातला, मग मागे घेतला आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, “पाय नको, पाय मागल्या आठवड्यात झाला.”

मी झुडपातून बाहेर आले. “काय चाललंय रे?”

“एफीमावशी! तुम्ही इथे कशा?”

“मी चहा पिते आहे. तू काय करतोयस?”

“हे सगळं… घाण झालीय ना, मावशी.”

“घाण मंगळवारीही असते, गुरुवारीही असते. तुला सोमवारचाच उमाळा कसा?”

तो नुसता कातर उघडतोय, मिटतोय. कान लालभडक. शेवटी म्हणाला, “उद्या नर्सबाईंचा दवाखाना असतो.”

मंडळी, मी चहा तिथेच ओतला. तुम्ही सगळ्यांनीच विचारलं होतं ना, की हा बैलासारखा धडधाकट माणूस दर मंगळवारी दवाखान्याच्या रांगेत काय करतो? आधी हातावर पुरळ, मग काखेत गळू, मग तो कान, मग पायाला चिखल्या. त्या कानाला वास येत होता हो, मी शेजारी बसले होते! जेसी म्हणायची, बिचाऱ्याला काहीतरी मोठा रोग आहे.

मी म्हटलं, “अरे मेल्या, बाईला भेटायचंय तर डोकं दुखतंय म्हणून सांगून जायचं!”

“खोटं बोलू? मी चर्चमध्ये गातो, मावशी.”

“मग चहाला बोलाव तिला.”

“निमित्त काय सांगू?”

“चहाचं!”

“त्यांना वेळ नसतो. आजारी माणसालाच वेळ देतात त्या.”

म्हणून हा खराखुरा आजार आणायला झऱ्यावर यायचा. कुजणाऱ्या चिंध्या आपलं काम करताहेत म्हणून त्यांना हात लावायचा नाही, न कुजणारा परक्याचा मोजा सोडायचा, परक्याचं दुखणं अंगावर घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते दुखणं घेऊन, मान खाली घालून, रांगेत. मुरील, तू अशी डोळे मोठे करून माझ्याकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. त्या चिंध्यांतल्या घाणीनेच पुरळ उठलं असणार असं तू म्हणशील, तू शिकलेली आहेस. त्याच्या लेखी मात्र हिशेब चोख होता. मी त्याला शिव्या दिल्या. साठीकडे झुकलेला माणूस, कुणाकुणाचे मोजे चिवडत फिरतो! शी! प्रेमाच्या पुष्कळ तऱ्हा मी वाचल्यात त्या वाचनालयाच्या गाडीतून, पण काखेतल्या गळवाचा नजराणा कुणी नेलेला वाचला नव्हता.

तेवढ्यात मला झाडावर एक पट्टी दिसली. निळी, बारीक, अगदी खालच्या फांदीला. वर्षभराची तरी असेल, पण रंगसुद्धा उतरला नव्हता. मी म्हटलं, “ही नायलॉनची कशी राहू दिलीस?”

तर हा एकदम गंभीर झाला. “ती मुरीलची आहे. गाठ बघा, मावशी. माझ्या हातावर पट्टी बांधतात तेव्हा अशीच चपटी गाठ मारतात त्या.” मग कातर खिशात घालून म्हणाला, “त्यांना काहीतरी होतंय. म्हणूनच तिकडे शेटलंड बेटांवर बदली मागितली असेल, तिथे मोठं इस्पितळ आहे. काय होतंय ते कळत नाही. सोडली असती मी, त्यांचं दुखणं मला लागलं तर लागू दे. पण त्यांना न विचारता त्यांच्या चिंधीला हात कसा लावू?”

आता मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? लोणचं घालायचं?

दुसऱ्याच दिवशी पायाच्या भोवरीचं निमित्त करून मी मुरीलकडे गेले. मला खोटं बोलता येतं, मी चर्चमध्ये गात नाही. विचारलं, “झऱ्यावरची निळी चिंधी तुझी का गं?”

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गाठीने. काय होतंय तुला?”

मुरील, घाबरू नकोस. कुणाचं नाव तू घेतलं नव्हतंस, मीही घेणार नाही. ती एवढंच म्हणाली, “एक दुखणं आहे, मावशी. मंगळवारी उठतं. बुधवार-गुरुवारपर्यंत राहतं, मग जरा उतरतं, की पुन्हा मंगळवार. वाटलं होतं चिंधी कुजेल आणि जाईल. वर्ष झालं. आता शेटलंडशिवाय उपाय नाही.”

मी तिच्या गणवेशाची बाही चिमटीत धरून बघितली. “अगं बाई, हे कुठून फाडलंस? याच्याच टोकाचं ना? हे नायलॉन आहे!”

“नाही हो, सुती असतो आमचा.”

“असायचा. बदलला केव्हाच. आमची ड्रेसिंगं करण्यात तुला अंगावरचं कापड बघायला फुरसत कुठली!”

तर मंडळी, कुजणारच नाही अशा कापडावर ही बाई आपलं दुखणं बांधून आली आणि वर्षभर वाट बघत बसली. आणि उद्या सकाळच्या गाडीने ते दुखणं तसंच्या तसं बरोबर घेऊन ती निघाली आहे. दाराला टेकलेल्याला वाटतंय ती आजारी आहे. तिला वाटतंय तो आजारी आहे. मला दोघांचीही शिसारी आलीय.

तिच्याकडून मी तडक झऱ्यावर गेले, मीच ती निळी पट्टी सोडून टाकणार होते. हात पुढेही केला. मग विचार आला, सोडेल त्याला दुखणं लागणार. या वयात मला मंगळवारी उठणारं दुखणं लागलं, आणि तेही टॉर्क्विल माथेसनचं? छे छे! त्याच्या त्या कानासकट? हात मागे घेतला. चिंधी जागेवर आहे.

टॉर्क्विल, टोपी चुरगळू नकोस. तुला तिच्या परवानगीशिवाय हात लावायचा नव्हता ना? ती ही इथे बसली आहे. विचार. रविवारी गातोस तसा आवाज काढ, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.

काय म्हणाला? “मुरील, ती मी सोडू का?” विचारलं! पाद्रीसाहेब, ऐकलंत ना, तुम्ही साक्षी.

तू काय म्हणालीस, पोरी? “ते बरं होत नाही.” बरोबर आहे, सांगून टाकलेलं चांगलं.

आणि तो म्हणतोय, “माहीत आहे मला. मला आधीपासूनच आहे.”

अरे, रुमाल द्या कुणीतरी. नाही, मला नको, अध्यक्षसाहेबांना द्या.

जा, जा दोघं. पाऊस आहे, कोट घे मुरील. कातर आहे ना रे खिशात? असणारच, आज सोमवार.

मंडळी, बसा, उठू नका, त्यांच्या मागे कुणीही जायचं नाही! सत्कारमूर्ती निघाल्यामुळे आता हा गावातर्फे आणलेला चांदीचा प्याला मी रिकाम्या खुर्चीवर ठेवते. अध्यक्षसाहेब, एकट्या बाईला दोन कानांचा, दोघांनी धरून प्यायचा प्याला कशाला, असं म्हणून मी तुमच्याशी भांडले होते. ते शब्द परत घेते. नायलॉनबद्दलचे घेत नाही.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. अध्यक्षांनी तीनदा घड्याळ दाखवलं, ते मी पाहिलं होतं. सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, चहा थंड होऊ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. कुणाच्या मोज्याचा, चड्डीचा किंवा फितीचा अपमान झाला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. म्हातारीची जीभ आहे, तिलाही एखादी चिंधी बांधायला हवी.

मुरील! ए पोरी, कोट घालून झाला असला तरी दार ओढून घेण्याआधी ऐक! उद्याच्या गाडीने जाणार की राहणार, काय ठरेल ते मला दोन ओळी लिहून कळव. मला हल्ली कमी ऐकू येतं, बाकी गावाला माझ्याआधी कळेल आणि ते मला सहन व्हायचं नाही. आजच लिही, वाट बघायला लावू नकोस. आणि हो, कागदाला हात लावायच्या आधी दोघंही हात धुवा. साबणाने!