दारापाशीची जागा

माझं मूळ नगर जिल्ह्यातलं, आम्ही ख्रिस्ती, म्हणजे पणजोबांच्या काळात महारवाड्यातली घरं ख्रिस्ती झाली ना, त्यातले. वाटलं होतं चर्चमध्ये तरी सगळे सारखे, पण कसलं काय, पुढच्या बाकांवर साहेब आणि वरच्या जातीतून आलेली घरं, आणि माझे वडील, बापू, ते दारापाशी चपलांच्या शेजारी. कुणी सांगायचंसुद्धा नाही, आपले आपणच जाऊन बसायचे, मला त्याचाच राग यायचा.

लग्न होऊन डॅलसला आले, पुढे नवरा गेला, मग म्हाताऱ्यांच्या होममध्ये जॉब धरला, तिथे ग्रेस भेटली. ग्रेस घानाची, माझ्याहून मोठी, हसली की सगळा कॉरिडॉर दणाणायचा. आमच्या चर्चला चल म्हणाली, मी म्हटलं चर्च फार बघितली बाई. तेव्हा तिने सांगितलं, काय सांगू तुम्हाला, त्यांच्या पंथाचा मूळपुरुष म्हणजे ग्रेसचाच आजोबा, गोऱ्या मिशनऱ्यांचे कपडे धुणारा, त्याने चर्चमध्ये ढोल आणला तर ते म्हणाले ढोल बाहेर ठेव आणि तू मागे उभा राहा. तो जो ढोल घेऊन निघाला तो परत गेलाच नाही, झाडाखाली बसला, म्हणाला इथे खुर्ची नाही, सगळ्यांनी अनवाणी यायचं, सगळ्यांचा झगा पांढरा, साहेब कोण आणि नोकर कोण ते देवालाही कळायला नको. मला बापू दिसले हो, मी तिथेच रडले.

त्यांच्यात नवीन माणूस आलं की जुन्याने त्याचे पाय धुवायचे. माझे ग्रेसने धुतले, भाड्याच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या टबात, टाचांच्या भेगांवरून अंगठा फिरवत. आमच्या सात पिढ्यांत कुणाचे पाय कुणी धुतले नव्हते. मग सगळ्यांचे झगे मीच शिवायला लागले, हौसेने.

पुढे ग्रेसचा मुलगा पास्टर झाला, डॅलसजवळच फ्रिस्कोला चर्चसाठी नवी बिल्डिंग घेतली, गालिचा काय, खुर्च्या काय. म्हणाला बूट घालूनच या, गेस्टना ऑकवर्ड होतं, ढोल कॅन्सल केला, झगे फक्त ख्रिसमसला. मला वाटलं ग्रेस बोलेल, तिच्याच आजोबाची गोष्ट ती, पण ती नव्या खुर्च्या मोजायला लागली. माझी मुलगी म्हणाली, मॉम, जस्ट वेअर द शूज.

नाही घातले मी. झगा घालून अनवाणी गेले. ग्रेस दारातच, हिरवा सूट, उंच टाचा, तिने माझा हात धरला, मला वाटलं पुढे नेते, तर शेवटच्या रांगेत, छत्र्या ठेवतात तिथे बसवलं. सिस्टर, आज इथे बस, पुढे पाहुणे आहेत. मी म्हटलं, ग्रेस, माझे बापू इथेच बसायचे. तिला ठाऊक होतं ते, तिलाच तर सांगितलेलं मी. तिने खाली बघितलं आणि पाहुण्यांना वेलकम करायला गेली. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं मला.

आता तिथून बाहेर पडलेल्या आम्ही चार बायका माझ्या गॅरेजमध्ये बसतो, चादर अंथरून, बादलीवर ताल धरून. ग्रेसचा फोन येतो कधीमधी, गुडघे दुखतात म्हणते, मी तेल सांगते आणि ठेवते. राग गेलाय असं समजू नका. देवाने तिचं भलं करावं. ती आलीच तर टब आहे, पाय धुईन मी तिचे. पण तिला दारापाशी नाही बसवणार.