गॅरेजचा मधला खांब

आयटीतल्या पोरांनी मोठ्या गाड्या घेतल्या आणि ताप झाला आम्हा खांब-बीमचं आरसीसी डिझाइन करणाऱ्यांना. धायरीत एका काकांनी मुलाच्या नव्या रुंद गाडीसाठी गॅरेजच्या दोन दारांमधला खांब तोडायला घेतला. मी पोचलो तेव्हा घण पडत होते आणि वरच्या बीमला तडा गेला होता.

"थांबवा ते," मी म्हणालो. "आधी टेकू लावा. खांब काढायचा तर बीम दुप्पट जाड लागेल."

"मग तो गाडीच्या टपाला घासंल की. अन् वर वजन कुठं हाय? नुसती आईची खोली तर हाय."

"ठीक आहे. बीम राहू दे एवढाच. आजपासून आईंच्या खोलीत तुम्ही झोपा."

काकांनी वर तड्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुलाला फोन लावला.

"गाडी बदल."