आतल्या वर्तुळातले पाच

बसच्या रांगेत एका शाळकरी दप्तरवालीच्या पुढे एक मावशी आणि तिची संशोधक भाची उभ्या होत्या. दप्तरवालीचे कान केव्हाच त्यांच्यात जाऊन बसले होते.

"चार वाजता सरांसमोर तोच प्रयोग, मावशी. जमला नाही तर माझा विषय बंद."

"काल जमला होता ना?"

"लेझरचा ठोका पडला आणि अणूंच्या ठिकऱ्या अशा सुसाट सुटल्या, की मोजणाऱ्या यंत्राची बोलती बंद. आज सकाळी मात्र फुसका बार."

"काल वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही. वायूचा दाब पाचच. दाबाच्या तबकडीवर काटा आतल्या वर्तुळातल्या पाचावर आणून."

"आणि आज?"

"बाहेरच्या... अगं मावशी."

"काय गं?"

"दोन्ही वर्तुळांचं माप वेगळं असतं, आतला एक म्हणजे बाहेरचे चौदा. काल दाब चौदा पट होता. म्हणून नळीतून सुटताना अणू गारठून घोळक्याने बाहेर आले. सुटा अणू ठोका फारसा घेतच नाही. घोळका सगळा पितो आणि फुटतो."

"म्हणजे चुकलीस म्हणून जमलं?"

"हो की."

"मग उभी काय? पळ, आणि नीट चूक."

भाची चपला हातात घेऊन उलट्या दिशेने धावत सुटली.

"ताई, आतलं वर्तुळ हं, आतलं," दप्तरवाली ओरडली.

"तू कोण गं?"

"मी कुणी नाही, मावशी. आपली बस गेली."